मुरू द्या

ओटा थोडा रिकामा करा.

सगळा नको. एक पसरट भांडं मावेल आणि त्याच्या शेजारी कॉफीची खोल बशी मावेल, एवढीच जागा. ती ओल्या फडक्याने पुसा. मग कोरड्या फडक्याने.

आता दोन्ही तळवे ओट्यावर टेकवा. दगड गार आहे. तो गारवा हातांना लागू द्या.

श्वास आत येतो आहे. श्वास बाहेर जातो आहे. तो जसा आहे तसा असू द्या.

आज आपण तिरामिसू करतो आहोत. इटलीतला, कॉफीचा गोड पदार्थ. ओव्हन लागणार नाही. गॅस लागेल तो कॉफीपुरता आणि थोडा अंड्यांसाठी. पुढचं काम गारव्याचं आहे, वेळाचं आहे. आपण थर लावायचे आणि बाजूला व्हायचं.

म्हणून सावकाश.

सामान मांडा. एकेक वस्तू हातात घ्या, तिचं वजन कळू द्या, मग खाली ठेवा.

तीन अंडी. 125 ग्रॅम साखर. पाव किलो मास्कारपोने. पंधरा सावोयार्दी बिस्किटं. कडक काळी कॉफी. कोको पावडर.

एवढंच.

हे प्रमाण ट्रेव्हिझोचं आहे. इटलीच्या ईशान्येला, व्हेनेतो प्रांतात, कालव्यांच्या काठाने वसलेलं हे शहर. 2010 साली इटलीच्या पाककला अकादमीच्या तिथल्या शाखेने नोटरीपुढे जाऊन तिरामिसूची कृती रीतसर नोंदवली. 12 बलक, अर्धा किलो साखर, एक किलो मास्कारपोने, 60 सावोयार्दी, लागेल तशी कॉफी, वरून कोको. आपण त्याचा चौथा हिस्सा घेतला आहे.

त्या कृतीत फेटलेलं क्रीम नाही. अंड्याचं पांढरं नाही. दारूही नाही. हल्ली पुष्कळ ठिकाणी मार्साला वाइन किंवा रम घालतात. मला ती नकोशी वाटते. कॉफी आणि कोको यांचं आपसात जे चाललेलं असतं, त्यात ती मोठ्याने बोलते.

मांडलेल्या सामानाकडे एकदा पाहा. पांढरं, पिवळं, तपकिरी, काळं.

पाहिलंत? आता कॉफी.

मोका पॉट असेल तर तो घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं, आठ बाजूंचं, कमरेत आवळलेलं भांडं. 1933 साली इटलीत अल्फॉन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून ते पहिल्यांदा बाहेर आलं आणि पुढे तिथल्या घराघरांत गेलं.

खालच्या कप्प्यात पाणी, झडपेच्या जरा खालपर्यंत. मधल्या जाळीत कॉफी. ती दाबू नका. बोटाने नुसती सारखी करा. वरचा कप्पा रिकामा. आटे घट्ट बसवा.

आच मंद ठेवा. झाकण उघडं राहू द्या.

पाहा.

काहीच होत नाही.

हे काहीच न होणंही पाहा. खाली पाणी तापतं आहे. वर वाफ धरते आहे, आणि जागा नाही म्हणून ती पाण्याला रेटते आहे. पाणी नळीतून वर निघालं आहे, कॉफीच्या भुकटीतून वाट काढतं आहे. आपल्याला यातलं काही दिसत नाही. आपण फक्त उभे आहोत.

श्वास आत. श्वास बाहेर.

मधल्या नळीच्या तोंडाशी एक काळा थेंब येतो. थबकतो. मग ओघळतो. त्याच्यामागे दुसरा, आणि मग एक संथ, दाट धार.

वास आला का? त्याला शोधू नका. तोच येईल.

धार फिकट होत जाते. भांडं फुसफुसायला लागायच्या आत गॅस बंद करा. त्या फुसफुशीत नुसती वाफ येते आणि ती कॉफीला करपट करते. कान द्या, म्हणजे वेळ कळते.

मोका नसेल तर अडत नाही. दक्षिणेकडच्या पितळी फिल्टरचं डिकॉक्शन छान चालतं. चिकोरीमुळे ते जरा दाट आणि कडवट येतं, तेवढं ध्यानात ठेवा. तेही नसेल तर इन्स्टंट कॉफी, दोन चमचे भरून, एक कप गरम पाण्यात. दूध नको. साखरही नको.

एक कप भरून कॉफी खोल बशीत ओता. आणि तिला निवू द्या. पुरतं निवू द्या. कोमट कॉफीत बिस्किटं विरघळून जातात आणि वरचं क्रीमही सैल पडतं.

बशीवर वाका. काळ्या पाण्यावर स्वयंपाकघरातला दिवा दिसतो आहे. तो हलतो आहे का?

तो स्थिर होईपर्यंत थांबा.

आता अंडी.

एक अंडं वाटीच्या काठावर हलकेच आपटा. कवच उघडा आणि आतलं सगळं आपल्या तळहातावर घ्या. हो, हातावरच. बोटं किंचित विलग करा. पांढरं बोटांच्या फटींतून खाली ओघळतं. लांब होतं, तुटतं, वाटीत पडतं.

बलक हातात राहतो.

त्याच्याशी थोडा वेळ थांबा. तो गार आहे. आकाराच्या मानाने जड आहे. त्याच्यावर एक इतकं पातळ आवरण आहे की ते दिसत नाही, नुसतं चमकतं. हात किंचित कलता केला की तो सरकतो, पण फुटत नाही.

आता त्याला भांड्यात सोडा. दुसरा. तिसरा.

पांढऱ्याची वाटी झाकून फ्रिजमध्ये ठेवा. उद्याच्या ऑम्लेटला होईल.

बलकांवर साखर घाला. एका पातेल्यात बोटभर पाणी तापवा आणि त्यावर हे भांडं ठेवा, असं की तळ पाण्याला टेकणार नाही. नुसती वाफ लागू द्या. ट्रेव्हिझोत बलक कच्चेच घेतात. आपल्याकडची अंडी, आपली हवा आणि घरातली लहान मुलं, म्हातारी माणसं लक्षात घेता मी ते वाफेवर शेकूनच घ्यायला सांगेन. थर्मामीटर असेल तर 71 अंश सेल्सियसपर्यंत. फेटत राहा म्हणजे खाली गाठी धरणार नाहीत.

फेटा. एकाच दिशेने, एकाच लयीत.

ऐका.

सुरुवातीला साखरेची करकर आहे. फेटणीच्या तारा भांड्याच्या तळाशी ती घासत नेतात. प्रत्येक फेऱ्याला करकर.

हात चालू द्या. कान तिथेच ठेवा.

करकर बारीक होते. आणखी बारीक. आता ती आहे की आपल्याला नुसती वाटते आहे, सांगता येत नाही.

मग ती नाहीच.

कधी थांबली? तो क्षण पकडता येत नाही. पुन्हा फेटा, पुन्हा ऐका. आता एक मऊ, जाड आवाज आहे.

रंगही बदलला आहे. गडद पिवळा होता, तो फिका झाला, मग फिक्याहून फिका. फेटणी वर उचला. मिश्रण पट्टीसारखं खाली येतं, पृष्ठभागावर पडतं, आणि त्या पट्टीचा माग क्षणभर तसाच राहतो. मग बुजतो.

पुन्हा उचला. पुन्हा पाहा.

साखर घालून फेटलेला बलक. ट्रेव्हिझोच्या जुन्या घरांत तो नुसता, वाटीतून खायला देत. मुलांना, म्हाताऱ्यांना, आजारातून उठलेल्यांना, बाळंतिणींना. अंगात ताकद यावी म्हणून. त्याला तिथल्या बोलीत स्बातुदिन म्हणतात.

त्या शहरात ले बेकेरिए नावाचं रेस्टॉरंट होतं, कॅम्पेओल कुटुंबाचं. आदो कॅम्पेओल आणि त्यांच्या पत्नी आल्बा. आल्बा बाळंतपणानंतर अशक्त झाल्या होत्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांना फेटलेल्या बलकात मास्कारपोने कालवून आणि थोडी कॉफी घालून दिली, असं सांगतात. पुढे आल्बांनी आणि तिथले मिठाई करणारे रोबेर्तो लिंग्वानोत्तो यांनी मिळून त्या वाटीचा पदार्थ केला. 1972 साली तो रेस्टॉरंटच्या यादीत आला. कुटुंबाने त्याचं पेटंट घेतलं नाही. म्हणून तो आज कुठल्याही ओट्यावर होऊ शकतो, आपल्याही.

शेजारच्या फ्रिउली प्रांतातले लोक म्हणतात, आमच्या तोल्मेत्सोच्या हॉटेलात तो आधीपासून होता. 2017 साली त्या प्रांताने आपल्या पारंपरिक पदार्थांच्या सरकारी यादीत तो घालून घेतला. त्या वादात आज शिरायचं नाही.

आज फक्त त्या खोलीत जाऊ.

डोळे मिटा, हवं तर. एक बाळंतीण पलंगावर आहे. थकलेली. बाळ शेजारी झोपलं आहे. सासू आत येते. तिच्या हातात वाटी आहे, वाटीत चमचा. ती काही समजावत नाही. वाटी पुढे करते.

तो पहिला चमचा तोंडात जातो तेव्हा त्या बाईच्या चेहऱ्याचं काय होतं?

तिथे थोडं थांबा.

मग डोळे उघडा. भांडं वाफेवरून उतरवा. हात भांड्याला लावून पाहा. ते हाताला गार लागेपर्यंत पुढे जायचं नाही.

मास्कारपोनेचा डबा उघडा.

पांढरं. अगदी निखळ नाही, साईकडे झुकणारं. चमचा बुडवला की जड लागतं. मूळ लोम्बार्दीचं, लोदीच्या आसपासच्या दूधदुभत्याच्या प्रदेशातलं. दाट क्रीम तापवतात, त्यात थोडं आम्ल घालतात आणि श्रीखंडाच्या चक्क्यासारखं फडक्यात बांधून पाणी निथळू देतात. दही लावायचं नाही, विरजण नाही, म्हणून आंबटपणा जवळजवळ नसतो. घरीही करता येतं: 35 टक्क्यांच्या वर स्निग्धांश असलेलं क्रीम 85 अंशांपर्यंत तापवायचं, लिंबाचा रस पिळायचा, दाट झालं की गार करून मलमलच्या फडक्यात रात्रभर फ्रिजमध्ये निथळत ठेवायचं. साधं 25 टक्क्यांचं क्रीम नीट धरत नाही.

थोडं मास्कारपोने बोटावर घ्या. जिभेवर ठेवा. चावू नका. गिळायची घाई करू नका.

चव आधी कळतच नाही. गारवा कळतो. मग मऊपणा. मग खूप मागून, दूध.

आता ते बलकांत घाला. फेटणी बाजूला ठेवा. मोठा चमचा किंवा उलथनं घ्या. खालून वर, कडेने आत. खालून वर, कडेने आत. यात जोर चालत नाही. जास्त घोटलं तर स्निग्धांश वेगळा होतो, दाणे दिसायला लागतात आणि मग ते पुन्हा एकजीव होत नाही.

पिवळ्यात पांढरं फिरतं आहे. रेघा आहेत. रेघा रुंद होतात. रेघा उरत नाहीत.

पुरे. तिथेच थांबा.

अंडी न खाणाऱ्या घरात बलकाची पायरी गाळून मास्कारपोनेत नुसती पिठीसाखर आणि थोडं फेटलेलं क्रीम घालतात. पोत हलका येतो, चव साधी. तेही चांगलं लागतं. मात्र सावोयार्दीत अंडं असतंच, हे विसरू नका. तिथे बिनअंड्याच्या स्पंज केकचे कोरडे केलेले काप घ्यावे लागतात.

आता जवळ या. आजच्या कामाच्या मध्यावर आपण आलो आहोत.

एक सावोयार्दी हातात घ्या.

बोटाएवढं लांब, दोन्ही टोकांना गोल. वर साखरेचे कण. अंगठा त्यावरून फिरवा. खरखरीत. उलटं करा. खालची बाजू गुळगुळीत, थोडी गडद. वजन जवळजवळ नाहीच.

ते मधोमध मोडा. हे एक मोडायचंच. आवाज ऐका.

मोडलेली बाजू डोळ्यांजवळ आणा. आत पोकळ्या आहेत. काही टाचणीच्या डोक्याएवढ्या, काही त्याहून बारीक. फेटलेल्या अंड्यात कोंडलेली हवा भट्टीत फुगली, भिंती वाळल्या, हवा निघून गेली. जागा तेवढी राहिली.

हे बिस्किट म्हणजे बरीचशी जागाच आहे.

त्या जागेकडे पाहत राहा.

आता त्या अर्ध्याचं टोक कॉफीत टेकवा. बुडवू नका. नुसतं टेकवा.

पाहा.

कॉफी वर चढते. कुणी ओढत नाही, कुणी ढकलत नाही. एका पोकळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. तपकिरी रेघ वर सरकते. तिची कड सरळ नसते. कुठे पुढे गेलेली, कुठे मागे राहिलेली.

तुमचा श्वासही चालू आहे. रेघ वर जाते आहे. दोन्ही एकदम पाहता येतात का?

बघा जमतं का.

ती बोटांपाशी येते. त्या चिमटीला ओल लागते. आता हा तुकडा तोंडात टाका.

बाकीच्या चौदांसाठी आता हाताला अंदाज आला. आडवं धरा. कॉफीत टेकवा, एक. उलटा, दोन. उचला. बशीच्या वर क्षणभर धरा, थेंब पडू द्या.

इतकंच. आणखी एक क्षणही नाही.

मन म्हणेल, अजून थोडं. आत अजून कोरडं आहे. आणि ते खरं आहे. आत्ता हे बिस्किट सुरीने कापलं तर मध्ये एक फिकट, कोरडी पट्टी दिसेल. बाहेरून ओलं, आत कोरडं. ती पट्टी राहू द्यायची असते. जो आत्ताच ती भिजवायला जातो, त्याच्या भांड्यात सकाळी तळाशी कॉफीचं पाणी साचलेलं असतं.

ती पट्टी राहू द्या. तिच्यासाठी रात्र आहे.

बुडवा, उलटा, उचला.

भांड्यात ठेवा. दुसरं त्याच्या शेजारी. ट्रेव्हिझोच्या मूळ पदार्थाचा आकार गोल होता. गोल भांडं असेल तर बिस्किटं तोडून कडेच्या फटी भरा. चौकोनी असेल तर रांगेत लावा. दोन्ही चालतं.

प्रत्येक बिस्किट पहिलंच असल्यासारखं घ्या. तिसऱ्या-चौथ्याला लक्ष उडतं. खिडकीबाहेर कुणी हॉर्न वाजवतं, फोन थरथरतो, उद्याचं काही आठवतं. तेवढ्यात हातातलं बिस्किट बशीत मऊ पडतं आणि तुटतं.

तुटलं तर तुटलं. चमच्याने उचला, थरात बसवा. पुढचं घ्या.

बुडवा. उलटा. उचला.

सात झाली. आता अर्धं क्रीम. मध्ये ओता आणि चमच्याच्या पाठीने कडांकडे न्या. तपकिरी थर हळूहळू झाकला जातो. शेवटची फट बुजायच्या आधी हात थांबवा.

त्या फटीतून खालचा थर दिसतो आहे. एकदा पाहून घ्या. पुन्हा दिसेल तो उद्या.

फट बुजवा.

वर पुन्हा सात बिस्किटं. पुन्हा तीच लय. बशीतली कॉफी आता कमी झाली आहे, तिच्यात साखरेचे कण उतरले आहेत, बिस्किटाचा चुरा तरंगतो आहे. मग उरलेलं क्रीम. वरून सपाट करा, पण फार गुळगुळीत करत बसू नका. चमच्याच्या खुणा राहिल्या तर राहू द्या. कोको त्यांत छान बसतो.

ट्रेव्हिझोच्या कृतीत कोको आत्ताच भुरभुरतात. मी तो सकाळसाठी ठेवते. रात्रभरात तो ओल धरतो आणि काळपट होतो. मला तो कोरडा आवडतो.

भांडं झाका. फ्रिज उघडा. कांदा, लसूण, कालची आमटी यांच्यापासून दूर जागा करा, कारण मास्कारपोने शेजाऱ्याचा वास चटकन घेतं. भांडं आत सरकवा.

दार लावा.

खुर्ची ओढा. पाच मिनिटं बसा.

आता आपल्या हातात काही नाही. निदान सहा तास, खरं तर रात्रभर. हातांना हे लवकर पटत नाही. ते पुसायला काही शोधतात, धुवायला काही शोधतात. त्यांना मांडीवर ठेवा. तळवे वर. बोटांना कॉफीचा वास आहे. नखांच्या कडेला साखर चिकट झाली आहे.

श्वास आत. कॉफी. श्वास बाहेर.

फ्रिजची घरघर ऐका. एरवी ती ऐकू येत नाही. आता आत काय चाललं असेल, ते मनाने पाहा.

अंधार आहे. दार लागलं की आतला दिवा विझतो.

त्या अंधारात बिस्किटाच्या बाहेरच्या भागातली कॉफी आतल्या कोरड्या पट्टीकडे निघाली आहे. अगदी सावकाश. वरच्या क्रीममधलीही थोडी ओल खाली बिस्किटात उतरते आहे. त्यामुळे क्रीम घट्ट होतं आहे, बिस्किट मऊ होतं आहे. मास्कारपोनेतला स्निग्धांश गारव्याने आळतो आहे. कॉफीचा गंध खालून वर चढतो आहे, थर ओलांडून.

सगळं एकाच वेळी. आणि कुठेही आवाज नाही.

त्या फिकट पट्टीकडे परत या. बिस्किटाच्या अगदी मधोमध ती आहे. तिच्या दोन्ही बाजूंनी ओल येते आहे. ती अरुंद होते आहे. केसभर. आणखी केसभर.

तिच्याबरोबर बसा.

तुमच्याही आत अशी एखादी जागा असेल, दिवसाचं काहीच जिथवर पोचलं नाही. तिला भिजवायला जाऊ नका. तिला नाव देऊ नका. ती कुठे आहे, एवढंच पाहा. छातीत? पोटात? डोळ्यांच्या मागे?

श्वास तिथवर जातो का?

जात नसेल तर नसू द्या. बसून राहा.

फ्रिजची घरघर थांबते. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते.

उठावंसं वाटलं की उठा. भांडी घासा. गरम पाणी हातांवरून जाऊ द्या. फेटणीच्या तारांत अडकलेलं क्रीम बोटाने निपटून खाल्लं तर बिघडत नाही. रात्री पाणी प्यायला फ्रिज उघडाल, तेव्हा भांड्यावरचं झाकण उचलून पाहावंसं वाटेल. ती ओढ कशी येते, कुठून येते, तेवढं पाहा. बाटली घ्या, दार लावा.

झोपा.

सकाळ.

भांडं बाहेर काढा. काचेचं असेल तर बाजूने पाहा. काल थरांच्या कडा रेघ मारल्यागत होत्या. आज त्या मऊ आहेत. तळाशी पाणी नाही. बिस्किटांमधल्या फटी बुजल्या आहेत.

चहाची गाळणी घ्या, कोरडी. तिच्यात दोन चमचे बिनसाखरेचा कोको. गाळणी भांड्यावर धरा आणि कडेला बोटाने टिचकी मारा.

थोडा कोको पडतो. काही कण सरळ खाली जातात. काही हवेत रेंगाळतात, खिडकीतल्या उन्हात दिसतात, मग खाली येतात.

पुन्हा टिचकी. थांबा. पुन्हा टिचकी.

पांढरं दिसेनासं होईपर्यंत. श्वास जरा जपून सोडा, कोको उडतो.

सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या. तळापर्यंत न्या. आडवी, मग उभी. चपटा चमचा खाली सरकवा.

पहिला तुकडा धड निघत नाही. एक कोपरा मागे राहतो, वरचं क्रीम कलंडतं. तो तुमच्या बशीत घ्या.

त्याच्या कापलेल्या बाजूकडे पाहा. ती फिकट पट्टी शोधा.

नाही सापडणार. सगळीकडे एकच तपकिरी आहे, ओलसर, पण आकार धरून राहिलेलं.

एक घास घ्या. चमचा उभा घालून, म्हणजे सगळे थर येतील.

आधी कोको. कोरडा, कडू, टाळूला चिकटणारा. मग क्रीमचा गारवा त्याला ओला करतो. गोड येतं. मग दात जवळजवळ न लागताच बिस्किट सुटतं आणि त्यातली कॉफी जिभेच्या मागच्या भागावर उतरते.

तोंड रिकामं झाल्यावरही थांबा. कॉफी अजून आहे.

अजून आहे.

आता पुढचे तुकडे काढा. प्रत्येक वेळी सुरी पुसून घेतली की ते सरळ निघतात. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला मधला तुकडा द्या, तो सगळ्यात मऊ असतो. कॉफीमुळे लहानांना थोडंच, आणि रात्री नको. उरलं तर झाकून परत फ्रिजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवा. त्याहून ठेवू नका.

बशा मांडा. चमचे काढा. आतल्या खोलीत जे कुणी असेल त्याला मोठ्याने हाक मारा.